कारण लिहून द्या

आमच्या सरांनी उभी हयात बंदुकीच्या परवान्यांच्या केसेस लढवल्या आणि एकाही केसमध्ये कोर्टाकडे बंदूक मागितली नाही. हे सांगितलं की लोक हसतात. मीही पहिल्या आठवड्यात हसले होते. पुढे त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं वकिली केली, आणि आता कोणी हसलं तर मला राग येतो.

वसईत कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं. कागदांवर पिठाची धूळ बसायची. अशील समोर बसला की सर फुंकर मारून फाइल साफ करायचे, मग चष्मा पुसायचे, मग म्हणायचे, "बोला." आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसायचे. अशिलाला वाटायचं, यांचं लक्षच नाही. अर्ध्या तासाने सर मान वळवून विचारायचे, "मघाशी म्हणालात, भाऊ वेगळा राहतो. का वेगळा राहतो?" पुढचा तास भावावर जायचा.

खाडीकाठच्या शेतकरी घरातला माणूस. उंची बेताची, खांदे रुंद, आवाज बांधावरून बांधावर पोचणारा. काळ्या कोटाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायचे. एकदा एका न्यायाधीशांनी बुटांवर हरकत घेतली. सर म्हणाले, "साहेब, नियम दाखवा, उद्यापासून बदलतो. नियम नसेल तर हरकत लिहून द्या." साहेबांनी हसून विषय सोडला. बार रूममध्ये सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला हे एक दिवस महागात पडणार. पडलं नाही, आणि बूटही बदलले नाहीत.

'लिहून द्या' हे त्यांचं पालुपदच होतं. परवाने देणाऱ्या कचेरीतून नकाराचं पत्र आलं आणि त्यात कारण नसलं, की सर लाल पेनने समासात मोठं 'कारण?' लिहायचे आणि तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवायचे. झेरॉक्स आमच्याकडे. तिथला एक कारकून बदली होऊन जाताना मुद्दाम वसईला उतरून भेटायला आला होता. म्हणाला, "वकीलसाहेब, तुमच्या लाल शाईने मला ॲसिडिटी लागली. बदली मीच मागून घेतली." सरांनी त्याला लिंबू सरबत पाजलं आणि जाताना विचारलं, "बदलीच्या अर्जात कारण काय लिहिलंत?"

मला बंदुका आवडत नाहीत. आम्ही आचोळ्यातली फ्लॅटमधली माणसं, वडील नोकरी करून निवृत्त झालेले. आमच्या गल्लीत एका वाढदिवसाच्या केकवर तलवार आणि कमरेला पिस्तूल असा एक महाभाग मी गॅलरीतून बघितला आहे. असल्या लोकांच्या हातात आणखी बंदुका द्यायच्या का, असं मी सरांना पहिल्याच महिन्यात तोंडावर विचारलं.

"मलाही नाही आवडत बंदुका," सर म्हणाले.

"मग हे कशासाठी?"

"आपल्या देशात बंदूक हा हक्क नाही, मेहेरबानी आहे. कोर्टात जाऊन मेहेरबानी मागितली तर कोर्ट म्हणतं, ज्याची मेहेरबानी त्याने करावी. बरोबरच आहे. पण नाही म्हणणाऱ्याने का नाही म्हटलं, ते लिहून देणं ही मेहेरबानी नाही. ते कायद्यात लिहिलंय. तिथे पकडायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बंदुकीला नाही म्हणताना कोणालाच वाईट वाटत नाही, म्हणून कारण देत नाहीत. तिथे जर कारण द्यायला लावलं, तर उद्या तुझ्या बापाचं पेन्शन अडवताना ते दहादा विचार करतील."

ते मला पटलं. पटलं म्हणून राहिले.

कोर्टातली त्यांची वाट पायरी पायरीने बांधलेली होती आणि त्या पायऱ्यांना वीस-पंचवीस वर्षं लागली होती. पहिल्या पायरीचा अशील एक भाजीवाला शेतकरी. त्याच्या अर्जाला वर्षानुवर्षं उत्तरच नव्हतं. सरांनी कोर्टाकडून एवढंच मिळवलं की उत्तर द्या. मग उत्तरं यायला लागली, एका ओळीची: अर्ज नामंजूर. मग वसई पश्चिमेच्या एका केळीच्या बागायतदाराची केस धरून मिळवलं, कारण द्या. मग कारणं यायला लागली, सगळ्यांना एकच, नुसती नावं बदललेली. आता सरांना पुढची पायरी हवी होती: कारण त्या माणसाला लागू पडणारं द्या. त्यासाठी ते योग्य माणसाची वाट बघत होते. पाच वर्षं बघत होते. घाई नव्हती त्यांना. घाई केल्यामुळे तरुणपणी एकदा ते पुरते आपटले होते. अशील कागदावर चांगला शेतकरी होता, पण बांधावरून भांडण झालं तेव्हा त्याने सख्ख्या भावावर बंदूक रोखली होती. ते ऐन कोर्टात निघालं. निकालात शेतकऱ्यांच्या बंदुकांबद्दल असं काही लिहिलं गेलं की पुढची कितीतरी वर्षं तोच निकाल यांच्या तोंडावर फेकला जायचा.

"माणूस नीट बघितला नाही, ही चूक माझी," सर म्हणायचे. "भोगली दुसऱ्यांनी."

तेव्हापासून ते अशिलाच्या घरी जाऊन चहा पिऊन यायचे आणि मगच वकालतपत्रावर सही घ्यायचे. घरी गेल्यावर बायकोचा चेहरा बघायचे, शेजाऱ्याशी बोलायचे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुत्रा बघायचे. मालक अंगणात आला की कुत्रा उठून जवळ येतो की शेपूट आत घालून मागे सरकतो. "कुत्र्याला उलटतपासणी लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. कुत्रा मागे सरकला म्हणून त्यांनी दोन केसेस नाकारल्याचं मी डोळ्यांनी बघितलं आहे. मी तेव्हा या प्रकाराला वेडेपणा म्हणाले होते. आता माझ्यावर वेळ आली की मीही कुत्रा बघते.

कामणकडे गोदामं असलेला एक गृहस्थ एकदा आला. गळ्यात साखळी, हातात दोन फोन. त्याला पिस्तुलाचा परवाना हवा होता आणि हायकोर्टात जायची तयारी होती.

"धोका कोणापासून आहे?" सरांनी विचारलं.

"धोका कसला, साहेब! आपली पोझिशन आहे ना. चार लोकांत उठतो-बसतो."

"मग साखळी आणखी जाड करा," सर म्हणाले. "परवाना लागत नाही."

तो चिडून गेला. जाताना म्हणाला, तुमच्यासारखे वकील वसईत गल्लोगल्ली आहेत. मी म्हटलं, सर, चांगला अशील घालवलात. सर म्हणाले, "माझा अशील असा पाहिजे की न्यायाधीश घरी जाऊन जेवायला बसला की त्याला तो आठवला पाहिजे. हा आठवला तर त्याचं जेवण जाईल."

आणि मग बाय आली.

कामणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी तिचं शेत होतं. वय अडुसष्ट. नवऱ्याकडे ठासणीची जुनी बंदूक होती, पीक राखायच्या परवान्याची. वरून दारू भरायची, कागदाचा बोळा ठासायचा आणि हवेत बार काढायचा. कोणाला मारायचं नाही, नुसता आवाज. त्या आवाजाने रानडुकरं आठ-पंधरा दिवस फिरकत नसत. नवरा गेला आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. बायने स्वतःच्या नावाने परवाना मागितला. इकडे आजूबाजूची शेतं एकेक करून गोदामांखाली गेली होती. डोंगरातल्या सगळ्या डुकरांना जेवायला आता एकच पान मांडलेलं, ते बायचं. दोन वर्षं तिच्या हाताला भात लागलं नव्हतं. मुलगा म्हणत होता, तिसऱ्या वर्षीही गेलं तर जमीन गोदामवाल्याला देऊन टाकू. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण बायला जमीन द्यायची नव्हती.

तिचा अर्ज नामंजूर झाला होता, आणि कारण वाचून मी कपाळाला हात लावला. चौकशीला हवालदार घरी गेला होता. छापील फॉर्मवरचा प्रश्न त्याने विचारला, तुमच्या जिवाला कोणापासून धोका आहे का? बायने कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "माझ्या जिवाला? कोनाची छाती हाय?" हवालदाराने प्रामाणिकपणे लिहून घेतलं. पत्रात आलं: 'अर्जदारास कोणापासूनही धोका नसल्याचे अर्जदाराने स्वतः सांगितले आहे. सबब अर्ज नामंजूर.'

मी म्हटलं, "बाय, असं कशाला सांगितलंत? भीती वाटते म्हणायचं ना!"

"कोनाला भ्याली मी? डुकराला?" बाय माझ्यावरच उखडली.

मी नवीन अर्ज लिहायला कागद ओढला. सरांनी माझ्या हाताखालून तो काढून घेतला. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता. लहान मुलाला जत्रेत सोडल्यावर होतो तसा.

"नवीन अर्ज नाही," ते म्हणाले. "अगं, पीक राखायला मागितलेल्या बंदुकीसाठी पिकाचा धोका विचारायचा असतो. हे जिवाचा विचारतायत. सगळ्यांना तोच फॉर्म, तोच प्रश्न. आणि आपली माणसं सगळी छाती पुढे काढून तेच उत्तर देतायत. या पट्ट्यात कोण म्हणणार आहे हवालदाराला, मला भीती वाटते म्हणून? मी तरी म्हणीन का?"

आम्ही तिच्या घरी चहाला गेलो. कुत्र्याने सरांच्या पँटचा लचका तोडला. बायने त्याला दोन सणसणीत शिव्या घातल्या, तसा तो येऊन तिच्या पायावर डोकं ठेवून आडवा झाला. फाटलेली पँट हातात धरून सर म्हणाले, "केस घेतली."

वरच्या साहेबांकडचं अपील एका ओळीत फेटाळलं गेलं, ते जाणारच होतं. मग हायकोर्टात याचिका. ती दाखल करून घेतली गेली, तारीख पडली, आणि श्रावणात कचेरीचं एक पत्र आलं. असलं मऊ पत्र त्या कचेरीतून कधी आलं नव्हतं. अर्जदाराने याचिका मागे घ्यावी व जिवास असलेल्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख करून नव्याने अर्ज करावा, म्हणजे पंधरा दिवसांत सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.

म्हणजे बायला भात पोटरीत येऊन लोंब्या धरायच्या आत बंदूक मिळणार होती. आणि सरांची पायरी जाणार होती.

सरांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवलं. मला वाटलं, संध्याकाळी बायला फोन करतील. नाही केला. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बायचाच फोन आला, काय झालं तारखेचं, आणि माझ्यासमोर सर म्हणाले, "चाललंय, बाय." मला त्या क्षणी त्यांची शिसारी आली. हे मी लपवत नाही. ज्या माणसाने मला शिकवलं की लपवलेला कागद म्हणजे अन्याय, त्याच्याच खणात कागद होता. चौथ्या दिवशी मी खण उघडला आणि पत्र टेबलावर आपटलं.

"सर, ही केस तिची आहे की तुमची?"

"बाईसाहेब," सर म्हणाले. चिडले की ते मला बाईसाहेब म्हणायचे. "या एका निकालावर सगळ्या तालुक्यातले शेतकरी सुटतील. पुन्हा असा अशील मला या जन्मी मिळायचा नाही."

"मग हे तिला सांगा. तिला ठरवू दे."

"ती पत्र स्वीकारील. तिला भात पाहिजे."

"मग स्वीकारू दे! भात तिचं आहे!"

खाली गिरणी बंद झाली तशी माझाच आवाज मला केवढा तरी मोठा ऐकू आला. सर बराच वेळ समासात लाल रेघा ओढत बसले. मग कोट उचलला.

बाय अंगणात वाल सोलत होती. सरांनी पत्र वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. याचिका मागे घेतली तर तिला काय मिळेल ते सांगितलं, नाही घेतली तर काय जाऊ शकतं तेही सांगितलं. आणि मग हात जोडून म्हणाले, "बाय, हा कागद मी चार दिवस दाबून ठेवला होता. माझ्या स्वार्थासाठी. तू दुसरा वकील कर, मी फाइल देतो."

बाय सोलत राहिली. मग विचारलं, "त्या नव्या कागदात काय लिवायचं म्हनतात?"

"की तुझ्या जिवाला धोका आहे. तुला भीती वाटते."

"माजा अंगठा खाली?"

"सही. हो."

"नाय," बाय म्हणाली. "नवरा मेला तवा मी सा महिने एकली या रानात झोपली. आता सरकारला भ्याली म्हनून लिवून देऊ? कोर्टात जाऊ दे कागद." आणि मग सरांकडे बोट रोखून म्हणाली, "पन तू चार दिस लपवलंस. बंदूक मिळंस्तोवर माज्या शेताची राखन तू करायची. काठी मी देईन, डबा तू आन."

मला वाटलं, चेष्टा करते. सर म्हणाले, "कबूल."

आणि खरोखरच भाद्रपदापासून आमचे सर, वय वर्षं त्र्याहत्तर, कोर्ट संपलं की पत्र्याचा डबा घेऊन कामणला जायला लागले. बायच्या मुलाने शेताच्या कडेला माळा बांधून दिला होता. तिथे बसून डबा बडवायचा आणि ओरडायचं. सकाळी बुटांना चिखल लावून थेट ऑफिसात यायचे आणि बाकावर तासभर झोपायचे. मी म्हटलं, दोन दिवस टिकतील. बार रूममध्ये पैजा लागल्या. घरून सूनबाईंचा मला फोन आला, "त्यांना जरा समजवा." मी समजावलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा अजून राग होता, आणि तो रोज सकाळी त्या चिखलाच्या बुटांकडे बघून थोडा थोडा जात होता.

ऑक्टोबरात हायकोर्टाची तारीख आली तेव्हा सरांचा आवाज गेलेला होता. डुकरांवर ओरडून ओरडून पार बसलेला. बाहेर व्हरांड्यात त्यांनी फाइल माझ्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, तू उभी राहा. मी हायकोर्टात त्याआधी फक्त तारखा मागितल्या होत्या. 

"आपली मागणी काय? बंदूक?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, माय लॉर्ड. लागू पडणारं कारण."

सरकारी वकिलांनी चौकशीचा अहवाल वाचून दाखवला. न्यायाधीशांनी तो परत वाचायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे या बाईंना भीती वाटत नाही म्हणून त्यांचं भात डुकरांनी खावं, असं आपलं म्हणणं आहे का?" सरकारी वकील कचेरीकडून सूचना घेतो म्हणाले. पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही. नकार रद्द झाला. पिकासाठी केलेल्या अर्जात धोका पिकाचा बघावा, जिवाचा नाही; शेतावर जाऊन नव्याने चौकशी करावी; आणि नाही म्हणायचं तर त्या अर्जदाराला लागू पडणारं कारण लिहून द्यावं. बाहेर आल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चिठ्ठी लिहिली, 'माय लॉर्ड फार वेळा म्हणालीस.' ती चिठ्ठी माझ्याकडे आहे.

त्या निकालाच्या झेरॉक्स प्रती आमच्या पट्ट्यात लग्नपत्रिकेसारख्या फिरल्या. एकेका शेतकऱ्याचे अर्ज सुटायला लागले. लोक गिरणीचा जिना चढून पेढे घेऊन यायचे. सर पेढा हातात घेऊन विचारायचे, "बायचं काय झालं?"

बायच्या चौकशीला नवीन हवालदार आला, सकाळी सकाळी, थेट शेतावर. बाय पाण्याला गेली होती. माळ्यावर सर होते. त्यांना खाली बोलावून हवालदाराने विचारलं, डुकरांचा त्रास आहे का?

आता हा माणूस आयुष्यभर अशिलांना बजावत आला होता, विचारलं तेवढंच बोला आणि बढाया मारू नका. पण रात्रभर जागलेला, हातात काठी, समोर तरारलेलं भात. बसक्या आवाजात त्यांनी सांगितलं, "त्रास? मी बसल्यापासून एका डुकराची बिशाद झाली नाही बांध ओलांडायची!" हवालदाराने नाव, वय, व्यवसाय विचारला. तोही त्यांनी अभिमानाने सांगितला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. बायच्या अंगणात मी ते मोठ्याने वाचलं. 'स्थळ पाहणी केली असता, अर्जदाराच्या शेताची राखण सध्या एक वकील समाधानकारकरीत्या करीत असल्याचे आढळून आले. पिकास धोका उरलेला नाही. सबब अर्ज नामंजूर.'

 मग सर हसायला लागले. आवाज नसलेलं हसणं, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. "कारण दिलंय," ते म्हणाले. "पहिल्यांदाच बरोब्बर लागू पडणारं कारण दिलंय."

मी हसले नाही. मी हिशोबी झाले होते, त्यांच्याच शाळेत. म्हटलं, "सर, सोपं आहे. उद्यापासून येऊ नका. आठ दिवसांत डुकरं शिरतील, पंचनामा करून घेऊ, नुकसानीचे फोटो लावू. अपील हातात आहे."

सर हसायचे थांबले. "आनि तिचं भात?" ते त्या फाटक्या आवाजात माझ्यावर ओरडले. घरची बोली त्यांच्या तोंडी मी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकली. "भात पिकत आलंय, दिसत नाय तुला? केस गेली खड्ड्यात!"

बाय आत गेली आणि त्यांच्यासाठी भाकरी घेऊन आली. मला त्या वेळी जी लाज वाटली, ती मला अजून पुरते आहे.

सर कापणीपर्यंत गेले. एक दिवस चुकले नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा बायचं भात खळ्यावर आलं आणि मुलाने गोदामाचा विषय काढला नाही. अपील आम्ही दाखल केलं होतं, पण सरांना खोटं काही लिहू द्यायचं नव्हतं. मी मसुद्यात लिहिलं, राखणदार वयोवृद्ध असून राखण करण्यास असमर्थ आहे. त्यांनी 'असमर्थ' वर लाल काट मारली आणि वर लिहिलं, 'समर्थ आहे.' मी म्हटलं, मग लढायचं कशावर? म्हणाले, "काहीतरी सापडेल."

कापणीनंतर महिन्याभराने एका दुपारी ते ऑफिसच्या बाकावर झोपले आणि उठले नाहीत. खाली गिरणी चालू होती, टेबल थरथरत होतं. मी त्यांच्याजवळ बसून पाऊण तास काम करत होते. जागे होतील म्हणून पंखा हळू केला होता. अंत्यविधीला बाय कामणहून आली. सगळ्या वकिलांच्या गर्दीतून पुढे गेली आणि त्यांच्या पायांशी मूठभर नवं भात ठेवून आली.

बायला परवाना मिळाला. जमा पावती दाखवून तिने बंदूक सोडवून आणली. यंदा जमीन अजून तिची आहे. पण तो मिळाला कसा, एवढं सांगते.

अपिलाच्या सुनावणीला मी एकटीच होते. वरच्या साहेबांनी फाइल चाळली. शेवटचं पान आलं तसे थांबले, कागद उलटसुलट करून बघितला.

"हा मृत्यूचा दाखला कशाला जोडलाय? अर्जदार तर हयात आहे."

"हो साहेब, हयात आहे," मी म्हटलं. "पण आपल्या कचेरीने नकाराचं एकच कारण दिलं होतं. ते गेल्या महिन्यात वारलं."